लाजेनं कुणाचं व्यसन सुटलं?

गर्द ओढणाऱ्या माणसाबद्दल जरा मायेनं बोललं, की समोरून एक उत्तर हमखास येतं. ते देणारी माणसं अडाणी नसतात आणि दुष्टही नसतात. त्यांत डॉक्टर असतात, मुख्याध्यापिका असतात, वकील असतात. कधी आपल्याच घरातल्या मुलाच्या व्यसनानं पोळलेले आईबापही असतात. ते म्हणतात, 'व्यसनाला समाजात लाज हवीच. लाज गेली की धाक गेला. "बिचारा आजारी आहे" म्हणत त्याला गोंजारायला लागलात, तर उद्या आमच्या मुलांनी बिचकायचं कशाला? सिगारेट कमी झाली ती लोकांनी नाकं मुरडायला सुरुवात केल्यावरच. आणि ज्या आईचं मंगळसूत्र त्यानं विकलं, तिला तुम्ही काय सांगणार? रागावू नकोस, तो पेशंट आहे, असं?'

हा युक्तिवाद मला चुकीचा वाटतो, नुसता चुकीचा नव्हे तर माणसं मारणारा वाटतो. तरी तो झटकून टाकता येत नाही, कारण त्याच्या मुळाशी मुलांची काळजी आहे. काळजीनं केलेल्या चुकीला उत्तरही काळजीपूर्वक द्यायला हवं.

आधी धाकाचं पाहू. ब्राउन शुगर, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, आपल्याकडचं गर्द, मुंबईत पसरलं ते 1980 नंतरच्या वर्षांत. तेव्हापासून आजवर मराठी समाजानं गर्दच्या बाबतीत कधी नरमाई दाखवलेली नाही. 'गर्दुल्ला' ही शिवी झाली. लोकल गाडीत, पुलाखाली, स्टेशनाबाहेर तो दिसला की बायका पर्स घट्ट धरतात आणि पोलीस काठी उगारतात. 1985 साली अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा आला आणि विकण्याबरोबर नुसतं सेवन करणंही गुन्हा ठरलं. पुढं त्याच कायद्यात काही गुन्हे दुसऱ्यांदा करणाऱ्यासाठी सक्तीची फाशी घातली गेली. ती सक्ती घटनाबाह्य असल्याचं मुंबई उच्च न्यायालयाला 2011 मध्ये सांगावं लागलं. म्हणजे लाज, तिरस्कार, तुरुंग, फाशी, सगळं देऊन झालं. मात्रा कमी पडली असं म्हणायला कुणालाच जागा नाही.

आणि परिणाम? केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी 'एम्स'नं केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल 2019 मध्ये आला. अफू, गर्द आणि त्याच जातीची औषधं मिळून 2 कोटी 26 लाख लोक ती घेत होते. त्यांतल्या सुमारे 77 लाखांना उपचारांची किंवा मदतीची गरज होती. खेड्यापाड्यांत पूर्वापार चालत आलेल्या अफूपेक्षा हेरॉइन घेणाऱ्यांचं प्रमाण त्या पाहणीत दुपटीहून अधिक होतं. ज्या पदार्थाला समाजानं सर्वांत जास्त धिक्कारलं, तोच पुढं गेला.

असं का होतं हे समजून घ्यायला फार लांब जायला नको. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा पहिल्यांदा पन्नीवरची पावडर ओढतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर पुलाखालचा गर्दुल्ला नसतो. समोर असतो त्याचा मित्र. चांगले कपडे घातलेला, हसणारा, शनिवारी ओढून सोमवारी कॉलेजात हजर होणारा. तिरस्कार चिकटतो तो शेवटच्या पायरीवरच्या माणसाला, आणि पहिल्या पायरीवरचा मुलगा स्वतःला त्याच्यात बघतच नाही. 'तसले लोक वेगळे, मी त्यांतला नाही,' हे वाक्य व्यसनाच्या पहिल्या दोन वर्षांत जवळजवळ प्रत्येक जण स्वतःशी म्हणतो. हे वाक्य त्याला कुणी शिकवलं? आपणच. गर्दुल्ला म्हणजे मळकट, चोरटा, बेघर अशी ठरीव प्रतिमा आपणच तयार केली. ज्याच्या अंगावर अजून इस्त्रीचा शर्ट आहे त्याला ती प्रतिमा सावध करत नाही, निर्धास्त करते.

सिगारेटचं उदाहरणही नीट तपासून घ्यावं. भारतात तंबाखूविरोधी कायदा 2003 साली झाला. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू झाली. जाहिराती गेल्या, पाकिटांवर चित्रं आली, कर वाढले. महाराष्ट्रानं 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली ती बनवण्यावर आणि विकण्यावर. गुटखा खाल्ला म्हणून कुणाला लॉकअपमध्ये टाकलं नाही, मिश्री लावते म्हणून कुठल्या आजीला घराबाहेर काढलं नाही, सिगारेट ओढतो म्हणून कुणाचं लग्न मोडलं नाही. वार झाला तो धुरावर, कंपनीवर आणि जाहिरातीवर. ओढणारा माणूस म्हणून उभाच राहिला. जिथं तिरस्कार माणसापर्यंत पोचला, तिथं नुकसानच झालं. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णाला सगळे आधी 'ओढत होतात का?' एवढंच विचारतात, आणि तो प्रश्न टाळण्यासाठी कित्येक जण खोकला लपवत राहतात. तंबाखूचा दाखला द्यायचा असेल तर तो माझ्या बाजूचा आहे.

आता दुसरा मुद्दा. लाज वाटली की माणूस सोडतो, असं म्हणतात. सोडणं म्हणजे काय असतं ते आधी लक्षात घेऊ. अफूच्या कुळातला कोणताही पदार्थ रोज घेतला की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो आणि काही दिवसांत तेवढ्यानं काही होईनासं होतं. मग मात्रा वाढते. पदार्थ मिळाला नाही की टर्की लागते. हाडं ठेचल्यासारखी दुखतात, नाकाडोळ्यांतून पाणी वाहतं, उलट्या, जुलाब, अंगावर काटा, झोप नाही, आणि या सगळ्याच्या वर एक विलक्षण भीती. त्या अवस्थेतला माणूस आनंदासाठी गर्द शोधत नसतो, हे थांबावं म्हणून शोधत असतो. अशा वेळी त्याच्याजवळ लाज नसते असं नाही. लाज तर भरपूर असते. मंगळसूत्र चोरून तो बाहेर पडतो तेव्हा आपण काय करतो आहोत हे त्याला इतर कुणाहीपेक्षा जास्त कळत असतं. आणि ही लाज सहन होत नाही म्हणूनच तो पुन्हा ओढतो, कारण गर्द शरीराच्या वेदनेबरोबर मनाची वेदनाही बधिर करतं. लाजेनं व्यसन सुटत नाही. लाज व्यसनाचं इंधन होते. या रोगाशी झगडणारी माणसं स्वतः हेच सांगत आली आहेत, आपण त्यांच्याकडून ऐकून घेतलं नाही एवढंच.

याहून भयंकर गोष्ट पुढं आहे. काही आठवडे गर्द बंद राहिलं की शरीराची ती सवय मोडते. पूर्वी जेवढी मात्रा सहज पचायची, तेवढीच आता श्वास थांबवू शकते. तुरुंगातून किंवा कोंडून ठेवणाऱ्या केंद्रातून माणूस बाहेर येतो, कुणी दारात उभं करत नाही, काम मिळत नाही, आणि तो जुन्याच मात्रेनं पुन्हा सुरुवात करतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांचा अभ्यास झाला, तो 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अमली पदार्थांच्या अतिसेवनानं मरण्याचा धोका त्याच राज्यातल्या इतर लोकांच्या तुलनेत 129 पट होता. अशा वेळी जीव वाचवणारं औषध आहे, नॅलॉक्सोन नावाचं. ते वेळेत टोचलं किंवा नाकात फवारलं तर थांबलेला श्वास परत सुरू होतो. पण ते कुणीतरी दुसऱ्यानं द्यावं लागतं; बेशुद्ध माणूस स्वतःला वाचवू शकत नाही. आणि लाजेनं त्याला काय शिकवलेलं असतं? एकट्यानं घे. दाराला कडी लाव. कुणाला कळू देऊ नकोस. सार्वजनिक शौचालयात, रेल्वेच्या रिकाम्या डब्यात, गच्चीवरच्या टाकीमागं मेलेली माणसं सापडतात ती त्यामुळं. सोबत असलेला मित्रसुद्धा पोलिसांच्या भीतीनं पळून जातो. लाजेचा हा युक्तिवाद माणसं मारतो असं मी वर म्हटलं ते या साध्या, शारीरिक अर्थानं.

माणूस सोडतो ते नेमकं कधी, याचा मोठा पुरावा व्हिएतनाम युद्धातून मिळाला. तिथं स्वस्त आणि शुद्ध हेरॉइन सहज मिळत होतं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी 1971 साली परतलेल्या सैनिकांचा मागोवा घेतला. सुमारे 20 टक्के सैनिकांना तिथं व्यसन जडलं होतं. परत आल्यावर पहिल्या वर्षात त्यांतले फक्त 5 टक्क्यांच्या आसपास पुन्हा व्यसनाच्या विळख्यात गेले. यावर लाजेचे समर्थक म्हणू शकतात की, विमानात बसण्याआधी लघवीची तपासणी होती. जो नापास होईल त्याला थांबवून ठेवत. म्हणजे धाक होताच की. होता, ते मी मान्य करते. पण त्या तपासणीच्या पलीकडं काय होतं ते बघा. घरी जाणारं विमान होतं. आई होती, नोकरी होती, आपलं गाव होतं. थोडे दिवस थांबून शरीर स्वच्छ झालं की तेच विमान त्याला मिळत होतं. आपण आपल्या मुलांना तपासणी तेवढी देतो. विमान देत नाही.

आता मंगळसूत्राच्या गोष्टीकडं येते, कारण विरोधकांच्या मुद्द्यांतला हाच सर्वांत जड आहे. त्या आईला मी रागावू नकोस असं कधीच सांगणार नाही. तिचा राग रास्त आहे. पण तिचा राग आणि समाजाचा कलंक या दोन गोष्टी एक नव्हेत. आईचा राग एका माणसावर, एका कृत्यासाठी असतो. तो मुलगा सुधारला तर त्या रागाचं काय करायचं हे तिला माहीत असतं. कलंक मात्र ज्यांचं काहीच चोरीला गेलेलं नाही असे लोक लावतात, आणि मुलगा सुधारला तरी तो पुसत नाहीत. मुख्य म्हणजे तो त्या आईवरही लागतो. 'संस्कार कमी पडले', 'आईनं लाडावला', 'बापाचं लक्ष नव्हतं'. ज्या आईच्या न्यायासाठी तुम्ही लाजेची बाजू घेता, तिलाच लाज आधी गाठते.

मग ती आई लपवते. 'मुलगा पुण्याला नोकरीला असतो' म्हणून सांगते. ओळखीच्या डॉक्टरकडं जात नाही, कारण ओळखीचा आहे. जिल्ह्याच्या दवाखान्यात जात नाही, कारण तिथं गावातलं कुणी भेटेल. धाकट्या मुलीचं लग्न ठरायचं असतं, म्हणून अजून सहा महिने गप्प बसायचं ठरतं. त्या सहा महिन्यांत पावडर ओढणारा मुलगा सुई टोचायला लागतो, आणि सुईबरोबर एचआयव्ही आणि कावीळ येते.

आणि शेवटी घरातलं कुणीतरी वडीलधारं माणूस तो उपाय सुचवतं, जो महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत झालेला आहे. 'लग्न करून द्या, जबाबदारी आली की सुटेल.' मुलीकडच्यांना काही सांगायचं नसतं, कारण सांगितलं तर लग्न होणार नाही. मुलगी सासरी येते, महिन्याभरात दागिने मोजायला लागते, आणि माहेरी परतायची तर तिथंही तिच्याचसाठी लाज वाट बघत असते. या मुलीनं काय गुन्हा केला होता? व्यसनाचा कलंक समाजाचं रक्षण करतो म्हणणाऱ्यांनी तिला उत्तर द्यावं. उघडपणे 'आमचा मुलगा उपचार घेतो आहे' असं म्हणता आलं असतं, तर ती फसली नसती. मला या सगळ्या वादात सर्वांत जास्त राग येतो तो या एका गोष्टीचा.

बाईच व्यसनी असेल तर बोलायलाच नको. तिच्यासाठी केंद्रं मोजकी, घरून नेऊन पोचवणारं कुणी नाही, आणि मुलं काढून घेतली जातील ही भीती. पुण्यातल्या 'मुक्तांगण' या व्यसनमुक्ती केंद्राला बायकांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग काढावा लागला तो याच कारणानं.

'मुक्तांगण'चं नाव आलं, तर इथं माझ्या बाजूच्या लोकांशीही माझा एक वाद आहे तो मांडते. लाजेला विरोध करणारे बरेच जण एवढंच म्हणून थांबतात की हा मेंदूचा आजार आहे, यात रुग्णाची काही चूक नाही. 1997 मध्ये अमेरिकेच्या अमली पदार्थविषयक राष्ट्रीय संशोधन संस्थेचे प्रमुख ॲलन लेश्नर यांनी हे सूत्र जोरकसपणे मांडलं आणि ते जगभर पसरलं. त्यात तथ्य आहे, पण ते पुरत नाही. अमेरिकेतच 1996 आणि 2006 मध्ये लोकांची मतं तपासली गेली. दारूचं व्यसन, नैराश्य, स्किझोफ्रेनिया यांचं मूळ मेंदूत आहे असं मानणारे वाढले. त्या रुग्णांपासून दूर राहावं असं वाटणारे मात्र कमी झाले नाहीत. साहजिक आहे. 'याच्या मेंदूतच बिघाड आहे' असं ऐकल्यावर शेजारी जवळ येत नाही, आणखी लांब सरकतो. शिवाय 'तुझ्या हातात काहीच नाही' हे ऐकून रुग्णाचाही धीर सुटतो.

तत्त्वज्ञ हॅना पिकार्ड यांनी रुग्णांसोबत उपचारगटांत काम करताना मांडलेला विचार मला यापेक्षा खरा वाटतो. माणसाला त्याच्या वागण्याबद्दल जबाबदार धरता येतं आणि तरीही त्याला दूषणं न देणं शक्य असतं. या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या तरच उपचार होतात. अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं 1986 साली पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केलं, तेव्हा हा सिद्धांत त्यांनी वाचलेला असणं शक्य नव्हतं. तो जन्मलाच नव्हता. पण डॉ. अनिताताईंनी घालून दिलेली पद्धत नेमकी तीच होती. तिथं मारहाण नाही, साखळदंड नाहीत, शिव्या नाहीत. आणि सवलतही नाही. पहाटे उठायचं, झाडलोट करायची, गटात बसून आपण कुणाला काय त्रास दिला ते स्वतःच्या तोंडानं बोलायचं. बायकोला आणि आईला बोलावून त्यांचंही ऐकायचं. तिथले कितीतरी समुपदेशक स्वतः व्यसनातून बाहेर आलेले आहेत. व्यसनमुक्तीचा वाढदिवस साजरा होतो, आणि व्यासपीठावर उभा राहून माणूस सगळ्यांसमोर आपली कहाणी सांगतो. लाजेच्या समर्थकांना जे हवं आहे, म्हणजे चूक कबूल करणं, भरपाई करणं, पुन्हा न करण्याची जबाबदारी घेणं, ते सगळं तिथं घडतं. घडतं ते लाज बाहेर ठेवल्यामुळं.

याच्या उलट टोकाला काय आहे तेही सर्वांना माहीत आहे. रुग्णाला बांधून ठेवणारी, उपाशी ठेवणारी, पट्ट्यानं मारणारी केंद्रं या देशात चालतात आणि घरचे लोक पैसे भरून तिथं आपली माणसं सोडून येतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारू आणि अमली पदार्थांमुळं होणारे विकारही मानसिक आजारांत धरले आहेत आणि क्रूर वागणुकीपासून संरक्षण हा रुग्णाचा हक्क म्हणून लिहिला आहे. तरी मारहाण चालते. कायद्यानं दिलेला हक्क मागायला कुणीतरी पुढं यावं लागतं, आणि 'आमचा मुलगा तिथं होता' हे कबूल केल्याशिवाय पुढं येता येत नाही.

एक आक्षेप शिकल्या-सवरलेल्या लोकांत फार चालतो. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनसारखं औषध रोज देणं म्हणजे एक नशा सोडवून दुसरी लावणं, असं ते म्हणतात. डोल आणि निस्वांडर या डॉक्टर जोडप्यानं न्यू यॉर्कमध्ये 1965 साली मेथाडोनचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यालाही आता सहा दशकं झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ही दोन्ही औषधं 2005 पासून आहेत. अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र हिशेब 2017 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात उपचार चालू असताना मृत्यूचं प्रमाण उपचार सुटल्यानंतरच्या तुलनेत निम्म्याहून खाली असल्याचं दिसलं. 'नाको'च्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, केंद्रांतून आपल्याकडं ब्युप्रेनॉर्फिनची गोळी मोफत मिळते. कर्मचाऱ्यासमोर जिभेखाली ठेवायची आणि विरघळेपर्यंत बसायचं. गोळी घेऊन तो माणूस कामावर जातो, टर्की नाही, चोरी नाही, सुई नाही. मुंबईत 'संकल्प'सारख्या संस्था रस्त्यावरच्या लोकांबरोबर हे काम वर्षानुवर्षं करत आहेत. मृत्यू निम्म्यावर आणणारं औषध दुसऱ्या कुठल्याही रोगात सापडलं असतं तर आपण ते गावोगाव पोचवलं असतं. इथं मात्र 'त्यानं स्वतःच्या हिमतीवर सोडावं' असं म्हणतो. म्हणजे तो जगण्याआधी त्यानं आपल्या नजरेत शुद्ध व्हावं, ही आपली अट असते. ही अट घालण्याचा अधिकार आपल्याला नाही.

लाज कुणाच्या वाट्याला येते हाही नीतीचाच प्रश्न आहे. मुंबईच्या सुरुवातीच्या वैभवात अफूचा वाटा मोठा होता. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. सर जमशेटजी जेजीभॉय यांनी त्या व्यापारात अफाट पैसा मिळवला आणि त्यातून उदार हातानं दानधर्म केला. जे. जे. रुग्णालय 1845 मध्ये त्यांच्याच देणगीतून उभं राहिलं. त्यांचं दातृत्व खरं होतं, आणि त्या रुग्णालयानं लाखो गरिबांचे प्राण वाचवले. पण विकणाऱ्याला राणीकडून सरदारकी मिळाली आणि चीनमधला ओढणारा जगभर 'अफिमबाज' म्हणून हिणवला गेला, हे विसरता येत नाही. पुढं याच शहरात गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना बाळागोळी द्यायच्या. त्यात अफू असायची, म्हणजे पाळी संपेपर्यंत मूल झोपून राहायचं. 1920 च्या सुमाराच्या पाहण्यांत हे मोठ्या प्रमाणावर नोंदलेलं आहे. दूषण मिळालं ते आईच्या अज्ञानाला. पाळणाघर न बांधणाऱ्या गिरणीमालकाकडं बोट क्वचितच दाखवलं गेलं.

आणि हे जुनंच आहे असंही नाही. 1996 मध्ये अमेरिकेत पर्ड्यू फार्मा कंपनीनं ऑक्सिकॉन्टिन ही वेदनाशामक गोळी बाजारात आणली आणि तिचं व्यसन लागत नाही अशा थाटात डॉक्टरांच्या गळी उतरवली. माणसं व्यसनात सापडू लागली, मरू लागली. 2001 मध्ये कंपनीचे अध्यक्ष रिचर्ड सॅकलर यांनी एका ईमेलमध्ये लिहिलं की, गैरवापर करणाऱ्यांवर आपण सर्व बाजूंनी घणाघात करायला हवा, तेच दोषी आहेत, तेच बेदरकार गुन्हेगार आहेत. हा ईमेल पुढं न्यायालयीन कागदपत्रांत उघड झाला. कंपनीनं 2007 मध्ये आणि पुन्हा 2020 मध्ये गुन्हा कबूल केला. लाजेचं समर्थन करणाऱ्या माझ्या सज्जन मित्रांनी हा ईमेल जरूर लक्षात ठेवावा. व्यसनी माणूस हाच गुन्हेगार, हे वाक्य ज्यांच्या सर्वांत जास्त सोयीचं आहे ते लोक कोण आहेत हे त्यातून कळतं.

कलंकाची किंमत ज्यांनी कधी नशा केलीच नाही अशांनीही मोजली आहे. भारत जगातल्या अधिकृत अफूच्या मोठ्या उत्पादकांपैकी एक आहे. मंदसौर, नीमच, चित्तोडगड भागात सरकारी परवान्यानं ती पिकते आणि तिच्यापासून मॉर्फिन बनतं. तरी 1985 च्या कायद्यानंतरच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा औषधी वापर सुमारे 97 टक्क्यांनी घसरला. परवान्यांच्या जंजाळामुळं आणि तुरुंगाच्या भीतीमुळं रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेतली माणसं ओरडत मेली. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर 2014 मध्ये कायदा सैल झाला. पण मनं सैल झालेली नाहीत. आजही मरणाच्या दारातल्या वडिलांना मॉर्फिन लिहून दिलं की मुलगा विचारतो, 'डॉक्टर, सवय तर नाही ना लागणार?' ज्या माणसाचे काही आठवडे उरले आहेत त्यानं ते विव्हळत काढावेत, पण त्याच्या नावाला तो शब्द लागू नये. इतका खोल गेला आहे हा कलंक.

हाच कलंक कायद्यातही आहे. एनडीपीएस कायद्याच्या कलम 27 नुसार हेरॉइनचं नुसतं सेवन केलं तरी एक वर्षापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. कलम 64 अ उपचार घेणाऱ्याला खटल्यातून सूट देतं, पण उपचार पुरे झाले नाहीत तर ती सूट काढून घेता येते. ज्या रोगात पुन्हा घसरणं हा रोगाचाच भाग आहे, तिथं ही अट क्रूर आहे. स्वतःच्या वापरापुरता पदार्थ जवळ बाळगणाऱ्याला गुन्हेगार ठरवू नये, अशी शिफारस 2021 मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयानंच केली होती. पोर्तुगालनं हे 2001 पासून केलेलं आहे. आपल्या खासदारांनी ती शिफारस आता संसदेत मांडावी आणि कलम 27 मधली सेवनाची शिक्षा रद्द करून घ्यावी. राज्य सरकारनं जिल्ह्याच्या प्रत्येक रुग्णालयात ब्युप्रेनॉर्फिन आणि नॅलॉक्सोन ठेवावं. आणि तुमच्या वस्तीत व्यसनमुक्ती केंद्र येणार म्हणून विरोधाच्या अर्जावर सह्या मागायला कुणी दारात आलं, तर कृपा करून सही देऊ नका.